डीएचसीपी रिले

डीएचसीपी रिले ही संगणक जाळ्यातील एक व्यवस्था आहे. एका सबनेटमधील उपकरणांनी केलेली आयपी पत्त्याची मागणी दुसऱ्या सबनेटमधील सर्व्हरपर्यंत पोहोचवणे आणि सर्व्हरचे उत्तर त्या उपकरणांकडे परत आणणे, हे तिचे काम होय. हे काम बहुधा राउटर किंवा राउटिंग करणारा स्विच करतो; त्या भूमिकेत त्याला रिले एजंट असे म्हणतात. कार्यालय, कारखाना, गोदाम, महाविद्यालय अशा ज्या ठिकाणी जाळे अनेक सबनेटमध्ये विभागलेले असते, तेथे प्रत्येक विभागासाठी स्वतंत्र सर्व्हर ठेवण्याऐवजी एकाच मध्यवर्ती सर्व्हरवरून पत्तावाटप करता यावे, यासाठी ही व्यवस्था वापरतात. मार्गित जाळ्यांमध्ये उपकरणांना पत्ता न मिळण्याच्या तक्रारींचे मूळ पुष्कळदा याच दुव्यात असते.

## पार्श्वभूमी

आयपी जाळ्यातील प्रत्येक उपकरणास एक पत्ता लागतो. त्याखेरीज सबनेट मास्क, जाळ्याबाहेर जाण्यासाठीच्या राउटरचा पत्ता आणि नावांचे पत्त्यांत रूपांतर करणाऱ्या डीएनएस सर्व्हरचा पत्ता हीदेखील माहिती लागते. संगणक मोजके होते तेव्हा ही माहिती प्रत्येक यंत्रावर हाताने भरत असत. संगणकांची संख्या वाढली तशी ही रीत गैरसोयीची ठरली. एकच पत्ता चुकून दोन यंत्रांना दिला जाणे ही नेहमीची अडचण झाली.

स्वयंचलित पत्तावाटपाचा एक आरंभीचा प्रयत्न म्हणजे जून १९८४ मध्ये आरएफसी ९०३ या दस्तऐवजात मांडलेला रिव्हर्स एआरपी हा प्रोटोकॉल. आरएफसी ही इंटरनेटविषयक मानके व प्रस्ताव प्रसिद्ध करणारी क्रमांकित दस्तऐवजमाला आहे. रिव्हर्स एआरपीचे संदेश राउटर ओलांडू शकत नसल्यामुळे प्रत्येक जाळ्यात स्वतंत्र सर्व्हर ठेवावा लागे. सप्टेंबर १९८५ मध्ये बिल क्रॉफ्ट आणि जॉन गिल्मोर यांनी आरएफसी ९५१ द्वारे बूटपी हा प्रोटोकॉल मांडला. मागणी एका जाळ्यातून दुसऱ्या जाळ्याकडे पुढे पाठवण्याची सोय आणि त्यासाठी संदेशात राखून ठेवलेला रकाना या दोन्ही गोष्टी बूटपीमध्येच आल्या. तथापि कोणत्या यंत्रास कोणता पत्ता द्यावयाचा, याची यादी व्यवस्थापकास आधीच तयार करून ठेवावी लागे.

ऑक्टोबर १९९३ मध्ये डायनॅमिक होस्ट कॉन्फिगरेशन प्रोटोकॉल, म्हणजेच डीएचसीपी, प्रसिद्ध झाला. राल्फ ड्रोम्स यांनी संपादित केलेली त्याची मार्च १९९७ मधील आवृत्ती आरएफसी २१३१ या क्रमांकाने ओळखली जाते. पत्ता कायमचा न देता ठरावीक मुदतीसाठी देणे, ही डीएचसीपीने घातलेली महत्त्वाची भर होय. या मुदतवाटपास लीज असे म्हणतात. संदेशाची मूळ रचना मात्र बूटपीचीच राहिली. म्हणून रिलेची पद्धतही तशीच पुढे चालू राहिली. रिले एजंटच्या वर्तनाचे तपशील ऑक्टोबर १९९३ च्या आरएफसी १५४२ मध्ये स्पष्ट केलेले आहेत.

## पत्तावाटपाची मूळ पद्धत

नव्याने सुरू झालेल्या उपकरणाजवळ स्वतःचा पत्ता नसतो आणि सर्व्हर कोठे आहे हेही त्याला ठाऊक नसते. त्यामुळे ते आपल्या सबनेटमधील सर्वांना उद्देशून संदेश पाठवते. या संदेशाचा प्रेषक पत्ता ०.०.०.० आणि प्राप्तकर्ता पत्ता २५५.२५५.२५५.२५५ असा असतो. उपकरण यूडीपी पोर्ट ६८ वापरते, तर सर्व्हर पोर्ट ६७ वर ऐकत असतो. पुढील व्यवहार चार टप्प्यांत होतो.

१. डिस्कव्हर : उपकरण सर्व्हरचा शोध घेते.

२. ऑफर : सर्व्हर एक पत्ता देऊ करतो.

३. रिक्वेस्ट : उपकरण तो पत्ता स्वीकारत असल्याचे कळवते. हा संदेशही सर्वांना उद्देशून असतो. त्यामुळे ज्यांचा प्रस्ताव स्वीकारला गेला नाही, अशा अन्य सर्व्हरना आपला पत्ता मोकळा ठेवता येतो.

४. अ‍ॅक : सर्व्हर वाटप निश्चित करतो आणि मुदत, मास्क, राउटर, डीएनएस इत्यादी तपशील देतो.

मागितलेला पत्ता त्या जाळ्यासाठी अयोग्य असल्यास सर्व्हर नॅक हा नकाराचा संदेश पाठवतो आणि उपकरण पुन्हा पहिल्या टप्प्यापासून आरंभ करते.

## राउटरची सीमा आणि रिले

सर्वांना उद्देशून पाठवलेला संदेश, म्हणजेच ब्रॉडकास्ट, राउटर पुढे जाऊ देत नाही. हा राउटरचा दोष नसून त्याचा धर्म आहे. अन्यथा एका विभागातील गोंगाट संपूर्ण जाळ्यात पसरला असता. गावात दिलेली दवंडी वेशीबाहेर ऐकू जात नाही, तसाच हा प्रकार होय. दवंडीतील मजकूर तालुक्याच्या कचेरीत पोहोचवावयाचा असेल, तर वेशीवरच्या कोणीतरी तो पत्रात उतरवून, आपल्या गावाचे नाव लिहून, कचेरीच्या पत्त्यावर धाडला पाहिजे. रिले एजंट नेमके हेच करतो.

उपकरणाचा ब्रॉडकास्ट ज्या बाजूने आला, त्या बाजूच्या स्वतःच्या इंटरफेसचा आयपी पत्ता रिले एजंट संदेशातील जीआयअ‍ॅडर नावाच्या रकान्यात लिहितो. त्यानंतर तो संदेश थेट सर्व्हरच्या पत्त्यावर पाठवतो. हा रकाना आधीच भरलेला असल्यास, म्हणजे संदेश दुसऱ्या एखाद्या रिलेकडून आलेला असल्यास, तो बदलला जात नाही. संदेश किती रिलेंमधून गेला याची मोजणी वेगळ्या रकान्यात ठेवली जाते.

जीआयअ‍ॅडर या एका रकान्यावर दोन गोष्टी अवलंबून असतात.

पहिली गोष्ट पत्त्याच्या निवडीची. सर्व्हरजवळ अनेक सबनेटसाठी पत्त्यांचे वेगवेगळे साठे असतात. मागणी कोणत्या सबनेटमधून आली हे त्याला सर्वसाधारणपणे जीआयअ‍ॅडरवरूनच कळते आणि त्यानुसार तो साठा निवडतो.

दुसरी गोष्ट उत्तराच्या परतीची. सर्व्हर आपले उत्तर उपकरणाकडे न पाठवता जीआयअ‍ॅडरमधील पत्त्यावर, पोर्ट ६७ वर पाठवतो. तेथून रिले एजंट ते उपकरणापर्यंत पोहोचवतो. याचा अर्थ असा की सर्व्हरला त्या पत्त्याकडे जाणारा मार्ग माहीत असणे अनिवार्य आहे.

या रकान्याच्या मूळ नावात गेटवे हा शब्द असला, तरी उपकरणाने बाहेर जाण्यासाठी वापरावयाचा राउटर असा त्याचा अर्थ नाही. तो राउटर स्वतंत्र पर्यायाद्वारे कळवला जातो. दोन्ही पत्ते बहुधा एकच असल्यामुळे विद्यार्थ्यांचा येथे गोंधळ होण्याचा संभव असतो.

सिस्को कंपनीच्या उपकरणांत ही सोय आयपी हेल्पर-अ‍ॅड्रेस या आज्ञेने सुरू करतात. त्यामुळे हेल्पर हा शब्द रिलेसाठी बोलीत रूढ झाला आहे. अन्य कंपन्यांच्या उपकरणांत डीएचसीपी रिले हेच नाव आढळते.

## औद्योगिक परिसरातील उपयोग

कुरुळी हे पुणे जिल्ह्याच्या खेड तालुक्यातील, पुणे–नाशिक महामार्गालगतचे गाव पिंपरी-चिंचवड आणि चाकण यांच्या औद्योगिक पट्ट्यात मोडते. चाकण परिसरात बजाज ऑटो, महिंद्रा, फोक्सवागन अशा वाहननिर्मात्यांचे कारखाने असून त्यांना सुटे भाग पुरवणारे लघु व मध्यम उद्योग आणि गोदामे आसपासच्या गावांतून पसरलेली आहेत. अशा एखाद्या मध्यम आकाराच्या कारखान्यातही कार्यालयातील संगणक, उत्पादन विभागातील यंत्रे, गोदामातील बारकोड स्कॅनर व लेबल प्रिंटर, हजेरीची यंत्रे, प्रवेशद्वारावरील कॅमेरे आणि पाहुण्यांचे मोबाइल हे एकाच इमारतीत, परंतु वेगवेगळ्या सबनेटमध्ये ठेवण्याची पद्धत आहे. पाहुण्याच्या मोबाइलवरील घातक प्रणाली उत्पादन यंत्रांपर्यंत पोहोचू नये, कॅमेऱ्यांच्या चित्रणाचा भार कार्यालयीन कामावर पडू नये, ही त्यामागील कारणे होत.

वाहन उद्योगात सुटे भाग साठवून न ठेवता लागतील तसे मागवण्याची पद्धत रूढ आहे. गोदामातील स्कॅनरला आयपी पत्ता मिळाला नाही, तर माल पुढ्यात असूनही त्याची नोंद होत नाही. नोंद झाली नाही की चलन निघत नाही. १ एप्रिल २०१८ पासून पन्नास हजार रुपयांहून अधिक किमतीच्या आंतरराज्य मालवाहतुकीसाठी ई-वे बिल आवश्यक झाले असून तेही जाळ्यावरूनच तयार होते. त्यामुळे पत्तावाटपातील एका लहानशा त्रुटीने भरलेला ट्रक फाटकाच्या आत अडकून राहतो आणि त्याची झळ पुढच्या कारखान्याच्या जुळणी साखळीस लागते.

पुढील विवेचनासाठी अशा कारखान्याची एक काल्पनिक मांडणी घेतली आहे. डीएचसीपी सर्व्हर कार्यालयाच्या १०.१०.१.०/२४ या सबनेटमध्ये असून त्याचा पत्ता १०.१०.१.५ आहे. गोदामाचे सबनेट १०.१०.२०.०/२४ आणि तेथील राउटर इंटरफेसचा पत्ता १०.१०.२०.१ आहे. गोदामातील स्कॅनरने मागणी केल्यास जीआयअ‍ॅडर रकान्यात १०.१०.२०.१ असेल आणि सर्व्हरने १०.१०.२०.० च्या साठ्यातूनच पत्ता द्यावा, ही अपेक्षा राहील.

## बिघाडाची लक्षणे

उपकरणास मिळालेला पत्ता हाच बिघाडाचा पहिला साक्षीदार असतो. तक्रार येताच सर्व्हरच्या मांडणीत फेरफार करण्यापूर्वी तो पत्ता वाचून घेतल्यास शोधाचे क्षेत्र बरेच आकुंचित होते.

| आढळणारी स्थिती | सूचित होणारी बाब |
|---|---|
| पत्ता १६९.२५४ ने सुरू होतो | सर्व्हरचे उत्तर उपकरणापर्यंत पोहोचले नाही |
| पत्ता दुसऱ्याच विभागाच्या सबनेटमधील आहे | स्विचचे पोर्ट चुकीच्या व्हीलॅनमध्ये आहे |
| पत्ता संस्थेच्या कोणत्याच सबनेटमधील नाही | अनधिकृत सर्व्हर उत्तर देत आहे |
| पत्ता योग्य, पण सबनेटबाहेर संपर्क नाही | मास्क किंवा राउटरचा पर्याय चुकीचा आहे |
| काही उपकरणांना मिळतो, नव्यांना नाही | पत्त्यांचा साठा संपला आहे किंवा रिले बंद पडला आहे |

१६९.२५४.०.०/१६ हा पत्तासमूह मे २००५ च्या आरएफसी ३९२७ नुसार स्थानिक दुव्यासाठी राखीव आहे. सर्व्हरकडून उत्तर न आल्यास अनेक कार्यप्रणाली त्यातील एखादा पत्ता स्वतःच घेतात. तो राउटरपलीकडे उपयोगी पडत नाही. विंडोज प्रणाली असा पत्ता घेतल्यानंतरही दर पाच मिनिटांनी सर्व्हरचा शोध चालू ठेवते. त्यामुळे काही वेळाने बिघाड आपोआप दूर झाल्याचा भास होऊ शकतो.

## बिघाड उशिरा दिसण्याचे कारण

लीजची निम्मी मुदत संपल्यावर उपकरण नूतनीकरणाची मागणी करते. ही मागणी ब्रॉडकास्ट नसते. उपकरणाजवळ आता पत्ता असतो आणि सर्व्हरही परिचित असतो. म्हणून ते रिलेची मदत न घेता थेट सर्व्हरशी बोलते. तेथून उत्तर न आल्यास मुदतीचा ८७.५ टक्के भाग संपल्यावर ते पुन्हा ब्रॉडकास्टकडे, म्हणजेच रिलेकडे वळते. आठ दिवसांच्या मुदतीत हे टप्पे अनुक्रमे चौथ्या आणि सातव्या दिवशी येतात.

या वर्तनातून तीन निरनिराळी चित्रे निर्माण होतात.

रिले बंद पडला असेल, तर चालू असलेली उपकरणे थेट नूतनीकरण करत राहतात आणि कोणाचीही तक्रार येत नाही. साप्ताहिक सुट्टीनंतर किंवा वीज खंडित होऊन पूर्ववत झाल्यावर जी उपकरणे नव्याने सुरू होतात, ती ब्रॉडकास्ट करतात आणि तेव्हा बिघाड उघड होतो. त्यामुळे बिघाड घडला त्या दिवसाऐवजी तो दिसला त्या दिवशीच्या बदलांवर संशय घेतला जाण्याची शक्यता असते.

सर्व्हरच बंद असेल, तर आठ दिवसांची मुदत असलेल्या आणि वेळेवर नूतनीकरण झालेल्या चालू उपकरणांजवळ त्या क्षणी किमान चार दिवस शिल्लक असतात. पत्ते टप्प्याटप्प्याने गळू लागतात आणि बिघाड सर्वत्र विखुरलेला वाटतो.

फायरवॉलने रिलेचे संदेश सोडले, पण विभागातील उपकरणांना थेट सर्व्हरकडे जाण्यास मज्जाव केला, तर चौथ्या दिवसाचे नूतनीकरण निष्फळ ठरते आणि सातव्या दिवशी रिलेमार्फत काम निभावते. वापरकर्त्यास काहीच जाणवत नाही. सर्व्हरच्या नोंदींमध्ये मात्र नूतनीकरणे मुदतीच्या अगदी अखेरीस होताना दिसतात.

## निदानाची क्रमवार पद्धत

पत्तावाटपाचा व्यवहार ठरावीक क्रमाने चालतो. म्हणून संदेश कोणत्या टप्प्यापर्यंत पोहोचला आणि कोठे थांबला, हे शोधणे हाच निदानाचा गाभा होय. दोन टोकांपैकी कोणत्याही एका टोकापासून निघून क्रमाने पुढे जाता येते. मात्र एका वेळी एकच गोष्ट बदलणे आवश्यक असते.

व्याप्ती ठरवणे. एकच उपकरण अडले आहे, एक विभाग अडला आहे की सर्वच विभाग, हे प्रथम पाहावे. एकच उपकरण अडले असल्यास त्याची वायर, स्विचचे पोर्ट किंवा वायफाय तपासावे. संपूर्ण विभाग अडला असून कार्यालयातील, म्हणजे सर्व्हरच्याच सबनेटमधील, उपकरणांना पत्ते मिळत असतील, तर संशय रिलेवर किंवा त्या विभागाच्या साठ्यावर येतो. सर्वच विभाग अडले असल्यास सर्व्हर आधी पाहावा.

हाताने पत्ता देऊन पाहणे. अडलेल्या विभागातील एका संगणकास वाटपाच्या साठ्याबाहेरील आणि कोणी वापरत नसलेला पत्ता तात्पुरता द्यावा. त्यावरून आधी १०.१०.२०.१ ला आणि मग १०.१०.१.५ ला पिंग करावे. पहिल्याच पिंगला उत्तर नसेल, तर दोष वायर, व्हीलॅन किंवा राउटरच्या इंटरफेसमध्ये असतो. पहिले उत्तर आले आणि दुसरे आले नाही, तर मार्ग किंवा फायरवॉल तपासावी. दोन्ही उत्तरे आल्यास जाळे ठीक असून दोष पत्तावाटपाच्या यंत्रणेत आहे, असे समजावे. काही फायरवॉल पिंग अडवतात, ही शक्यता येथे ध्यानात ठेवावी लागते.

सर्व्हरवरून उलट दिशेने पाहणे. सर्व्हरवरून १०.१०.२०.१ या पत्त्यास पिंग करावे. उत्तरे याच पत्त्याकडे जावयाची असल्यामुळे ही चाचणी विशेष महत्त्वाची ठरते. सर्व्हरमध्ये दोन नेटवर्क कार्डे असल्यास उत्तर भलत्याच कार्डाने बाहेर पडून हरवण्याचा प्रकार घडतो.

संदेश टिपणे. वायरशार्क किंवा टीसीपीडंप या साधनांनी पोर्ट ६७ व ६८ वरील संदेश पाहता येतात. सर्व्हरवर डिस्कव्हर येतच नसेल, तर दोष सर्व्हरच्या अलीकडे आहे. डिस्कव्हर येतो पण ऑफर निघत नाही, तर जीआयअ‍ॅडरला जुळणारा साठा नाही, साठा रिकामा आहे किंवा सेवा कार्यरत नाही. ऑफर निघते पण उपकरणास मिळत नाही, तर परतीचा मार्ग तुटलेला आहे. चारही संदेश पूर्ण होऊनही काम होत नसेल, तर दिलेले तपशील चुकीचे आहेत.

सर्व्हरच्या नोंदी वाचणे. साठ्यात किती पत्ते शिल्लक आहेत आणि नकाराचे संदेश कोणास गेले, हे नोंदींवरून कळते. सर्व्हर पुन्हा सुरू करण्याआधी त्या वाचून घेणे इष्ट असते.

## वारंवार आढळणारी कारणे

रिलेची नोंद नसणे किंवा जुनी असणे. नवा व्हीलॅन तयार करताना त्याच्या इंटरफेसवर रिलेची आज्ञा देण्याचे राहून जाते. सर्व्हर बदलला तरी काही इंटरफेसवर जुनाच पत्ता उरतो.

प्रवेशनियमांचा अडथळा. गोदामाच्या इंटरफेसवर केवळ १०.१०.२०.० मधील प्रेषकांना परवानगी असेल, तर ०.०.०.० या प्रेषक पत्त्याचा डिस्कव्हर तेथेच गाळला जातो. रिले आणि सर्व्हर यांच्यातील फायरवॉलमध्ये केवळ पोर्ट ६८ मोकळे ठेवणे ही दुसरी चूक होय. या टप्प्यात रिलेस येणारे उत्तर पोर्ट ६७ वर येत असते.

इंटरफेसवर दोन पत्ते असणे. जागा अपुरी पडल्यामुळे एका इंटरफेसला दुय्यम पत्ता दिला, तरी रिले एजंट बहुधा मुख्य पत्ताच जीआयअ‍ॅडरमध्ये लिहितो. परिणामी दुसऱ्या सबनेटचा साठा वापरला जात नाही. दोन्ही सबनेट एकाच भौतिक जाळ्यात आहेत, असे सर्व्हरला स्वतंत्रपणे सांगावे लागते.

साठा संपणे. /२४ सबनेटमध्ये उपकरणांसाठी जास्तीत जास्त २५४ पत्ते मिळतात. समजा, पाहुण्यांच्या जाळ्यात २०० पत्त्यांचा साठा, आठ दिवसांची मुदत आणि रोज ४० नवे मोबाइल अशी स्थिती आहे. पाच दिवसांत साठा संपतो, कारण निघून गेलेल्या मोबाइलचे पत्तेही मुदतभर अडकून राहतात. ट्रकचालक आणि अभ्यागत यांची ये-जा असलेल्या ठिकाणी मुदत काही तासांचीच ठेवणे योग्य ठरते.

स्विचचे पोर्ट उशिरा कार्यरत होणे. जाळ्यात वर्तुळाकार मार्ग निर्माण होऊ नयेत म्हणून स्विच स्पॅनिंग ट्री ही पद्धत वापरतात. तिच्या मूळ स्वरूपात पोर्ट सुरू झाल्यावर सुमारे ३० सेकंद संदेश पुढे जात नाहीत. वीज परत आल्यावर स्कॅनर किंवा प्रिंटर तेवढ्या वेळात प्रयत्न सोडून देतात. केवळ उपकरणे जोडलेल्या पोर्टवर हा विलंब टाळण्याची सोय स्विचमध्ये असते.

विंडोज सर्व्हरला अनुमती नसणे. अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी वापरणाऱ्या संस्थेत विंडोज डीएचसीपी सर्व्हरची अधिकृत नोंद करावी लागते. ती नसल्यास सर्व्हर चालू दिसूनही पत्ते देत नाही.

## अनधिकृत सर्व्हर आणि सुरक्षितता

मूळ डीएचसीपीमध्ये सर्व्हरची ओळख पटवण्याची व्यवस्था प्रत्यक्षात वापरली जात नाही. आधी उत्तर देणाऱ्याचे म्हणणे उपकरण सामान्यतः मान्य करते. घरगुती वायफाय राउटर कोणी कार्यालयाच्या जाळ्यास चुकीच्या बाजूने जोडल्यास तो १९२.१६८.०.० किंवा १९२.१६८.१.० अशा सबनेटमधील पत्ते वाटू लागतो. मध्यवर्ती सर्व्हरचे उत्तर रिलेमार्फत यावयाचे असते, तर हा राउटर त्याच विभागात असतो. म्हणून त्याचे उत्तर बहुधा आधी पोहोचते. हेतुपुरस्सर केलेल्या अशा जोडणीतून संदेशांची चोरीही होऊ शकते. पत्ता मुळीच न मिळण्यापेक्षा चुकीचा पत्ता मिळणे अधिक घातक, ते याच कारणाने.

यावर उपाय म्हणून स्विचमध्ये डीएचसीपी स्नूपिंग ही सोय असते. सर्व्हर किंवा रिले ज्या बाजूस आहे, तेवढेच पोर्ट विश्वासार्ह ठरवून अन्य पोर्टवरून येणारी सर्व्हरची उत्तरे गाळली जातात. विश्वासार्ह पोर्ट ठरवण्याचे राहून गेल्यास खऱ्या सर्व्हरचीही उत्तरे अडतात.

जानेवारी २००१ च्या आरएफसी ३०४६ ने पर्याय ८२ आणला. त्यायोगे रिले एजंट मागणी कोणत्या पोर्टवरून आली ही माहिती संदेशास जोडू शकतो. स्नूपिंग करणारे काही स्विचही ही माहिती जोडतात, परंतु जीआयअ‍ॅडर रिकामाच ठेवतात. असा संदेश काही राउटर संशयास्पद मानून टाकून देतात. स्नूपिंग सुरू करताच एखाद्या विभागाचे पत्तावाटप थांबले, तर हे कारण तपासावे लागते.

## एकाहून अधिक सर्व्हर आणि दूरस्थ शाखा

रिले एजंटला दोन सर्व्हरचे पत्ते देता येतात. तेव्हा तो प्रत्येक मागणी दोघांकडे पाठवतो. दोन्ही सर्व्हर परस्परांच्या नोंदी जुळवून घेत नसतील, तर त्यांचे साठे एकमेकांत मिसळता कामा नयेत. अन्यथा एकच पत्ता दोघांना दिला जातो.

मुख्य कार्यालय भोसरीत आणि गोदाम कुरुळीत अशी रचना असलेल्या संस्थेत रिलेचे संदेश व्हीपीएन जोडणीवरूनही नेता येतात. मात्र अशा वेळी ती जोडणी तुटली की गोदामातील नव्याने सुरू होणाऱ्या उपकरणांना पत्ता मिळत नाही आणि ज्या स्थानिक कामांना मुख्य कार्यालयाची गरज नाही, तीही थांबतात. शाखेतच लहान सर्व्हर ठेवणे किंवा लीजची मुदत जोडणीच्या दुरुस्तीस लागणाऱ्या काळाहून पुरेशी मोठी ठेवणे, हे त्यावरील प्रचलित मार्ग आहेत. पाहुण्यांच्या जाळ्यात लहान मुदत हिताची, तर अशा शाखेत मोठी मुदत हिताची असते. एकच मुदत सर्व विभागांस लावणे म्हणूनच श्रेयस्कर नसते.

## आयपी आवृत्ती ६ मधील रिले

आयपी आवृत्ती ६ साठीचा डीएचसीपी प्रथम जुलै २००३ मध्ये आरएफसी ३३१५ द्वारे आणि सुधारित स्वरूपात नोव्हेंबर २०१८ मध्ये आरएफसी ८४१५ द्वारे प्रसिद्ध झाला. त्यात ब्रॉडकास्ट नाही. उपकरणे एका राखीव मल्टिकास्ट पत्त्यावर मागणी पाठवतात आणि ५४६ व ५४७ हे पोर्ट वापरले जातात. रिले एजंट मूळ संदेशात बदल न करता तो स्वतःच्या संदेशात गुंडाळून पुढे पाठवतो. जीआयअ‍ॅडरऐवजी दुव्याचा पत्ता सांगणारा रकाना त्या वेष्टनात असतो.

या आवृत्तीत जाळ्याबाहेर जाण्याचा मार्ग डीएचसीपी सांगत नाही. ते काम राउटरच्या जाहिरात संदेशाचे असते. त्यामुळे पत्ता मिळूनही बाहेरचा संपर्क होत नसल्यास सर्व्हरसोबत राउटरचे जाहिरात संदेशही तपासणे आवश्यक ठरते.

## नोंदवही

प्रत्येक सबनेटसाठी व्हीलॅनचा क्रमांक, राउटर इंटरफेसचा पत्ता, साठ्याची व्याप्ती, लीजची मुदत, राखीव पत्ते आणि रिलेत नोंदलेले सर्व्हर यांचा तक्ता ठेवणे हा प्रतिबंधाचा सोपा उपाय मानला जातो. सर्व्हर, राउटर आणि अनेकदा प्रिंटर यांचे पत्ते स्थिर ठेवतात किंवा सर्व्हरवर राखून ठेवतात. असे स्थिर पत्ते साठ्यातून वगळणे आवश्यक असते. जाळ्यात केलेल्या प्रत्येक बदलाची तारीख या तक्त्यात असल्यास उशिरा दिसलेल्या बिघाडाचा संबंध त्याच्या खऱ्या कारणाशी जोडता येतो. नवा विभाग सुरू करताना त्यातील एक उपकरण बंद करून पुन्हा सुरू करावे आणि त्यास योग्य सबनेटमधील पत्ता मिळतो की नाही हे पाहावे. चालू उपकरण तपासल्याने रिलेची परीक्षा होत नाही.